मरियमखालाचा भाचा

विलास स्टुलावर उभा राहून भिंतीत खिळा ठोकत होता. माळ्यावर पाच वर्षं गुंडाळून पडलेला मखमली गालिचा त्यानं सकाळीच खाली काढला होता. गालिच्यावर तीन उंट, खजुराची दोन झाडं आणि मागे मावळता सूर्य. मस्कतहून परतताना घेतलेला. वाशीला राहायला आल्यावर एकदा लावला, तेव्हा मस्कतला त्याच्याच कंपनीत असलेला मधुकर हसून म्हणाला होता की घरात उंट बांधलास की काय. विलासनं तो त्याच दिवशी काढून ठेवला. आणि आज त्याच मधुकरनं त्याला आठवण करून दिली होती, की तो लाव, त्या लोकांना बरं वाटतं.

गालिच्याला जागा व्हावी म्हणून सुनीतीच्या वडिलांचा फोटो उतरवून दिवाणाखाली सरकवला होता. देव्हाऱ्यावरचा पडदा ओढून घेतला होता. सुनीती मसाल्याचे हात तसेच धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"देवांना कशाला झाकलंत?"

"असू दे. उगाच त्यांना ऑकवर्ड नको."

"खालाला आपले देव ठाऊक आहेत. सात वर्षं तिच्या डोक्यावर राहत होतो आपण."

"खालाचं नाही गं. भाच्याचं म्हणतोय मी," विलास म्हणाला आणि ओठांत धरलेला दुसरा खिळा त्यानं हातात घेतला.

सुनीती आत वळली. ओट्यावर मटणाचं मोठं पातेलं शिजत होतं. मटण विलासनं पहाटे जाऊन पनवेलहून आणलं होतं, मुसलमान खाटकाकडून, आणि हे तो सकाळपासून तीनदा सांगून चुकला होता. एरवी भाजी आण म्हटलं तरी पायात चप्पल सरकवायला त्याला अर्धा तास लागे. तळोज्याचा कारखाना चार महिने बंद होता. दाराला टाळं आणि बाहेर नोटीस. विलास रोज दहा वाजता दाढी करायचा आणि गॅलरीत बसून राहायचा.

मस्कतजवळच्या मत्रा बंदरात ती दोघं चौऱ्याहत्तर साली गेली. कंपनीची कॉलनी रुवीला होती, पण तिथं जागा नव्हती, म्हणून मासळीबाजाराच्या मागे एका विधवेच्या घराचा वरचा मजला त्यांना मिळाला. विधवा म्हणजे मरियमखाला. मूळ बलुची. तिचा नवरा खजुराच्या व्यापारासाठी मुंबईला येऊन-जाऊन असायचा, त्यामुळे तिला हिंदी यायचं, मोडकंतोडकं पण धीट. कॉलनीत पुढं जागा झाली तरी सुनीतीनं खालाचं घर सोडलं नाही. तेवढं एकच तिनं हट्टानं केलं होतं.

कॉलनीतली मराठी माणसं दर शुक्रवारी जमायची. पुरणपोळी, भजनं, पत्ते, आणि परवान्यावर मिळालेली व्हिस्की. घरून आलेल्या लोणच्याच्या बरण्या हातोहात फिरायच्या. सात वर्षांत एकाही शुक्रवारी तिथं गावातला माणूस पाहुणा म्हणून आला नाही. त्या लोकांत मिसळायचं नाही, असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. मधुकर दोन पेग झाल्यावर अरबांच्या खाण्याच्या, बसण्याच्या, शिंकण्याच्या नकला करायचा. त्याची बायको मीना हसून हसून डोळे पुसायची.

शलाकाचा जन्म अशाच एका शुक्रवारचा. दिवस भरायला अजून आठवडा होता, म्हणून विलास मंडळींबरोबर समुद्रावर सहलीला गेला होता. सुनीतीला कळा सुरू झाल्या तेव्हा खालानं तिला आधार देत जिना उतरवला, मासळीच्या पिकअपमध्ये घातलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टर, नर्स, सगळ्यांशी तीच भांडली. त्यानंतर सव्वा महिना तिनं सुनीतीला हातचं जेवू घातलं आणि बाळाला न्हाऊ-माखू घातलं. बारशाला मात्र कॉलनी लोटली. मीनानं बाळाला पुन्हा एकदा आंघोळ घातली, कुणाकुणाचे हात लागलेत म्हणत. खाला हलव्याचं ताट घेऊन आली, तिला जिन्यावर खुर्ची टाकून दिली. हलवा कसल्या चरबीत केला असेल देव जाणे, असं म्हणत मीनानं तो कचऱ्याच्या डब्यात उपडा केला. ताटाच्या कडेला चिकटलेला भाग तिनं बोटानं नव्हे, चमच्याच्या टोकानं खरवडला. सुनीतीला दहा वर्षांनंतरही तो खरवडल्याचा आवाज आठवला की दात शिवशिवायचे.

तीच चार कुटुंबं आता वाशीत आसपास राहत होती. शुक्रवारचा रविवार झाला होता. शोकेसमध्ये काचेची भांडी होती, पाहुण्यांना पावडरीचं संत्र्याचं सरबत मिळायचं, आणि बोलणंही तेच होतं. फक्त आता ते खाडीकडेच्या गावांतल्या माणसांबद्दल असायचं. त्या लोकांना पैसा पचत नाही, हे वाक्य मीनानं मस्कतला तेलाच्या पैशाबद्दल म्हटलं होतं आणि वाशीत जमिनीच्या मोबदल्याबद्दल. शब्द एकही बदलला नव्हता.

गेल्या आठवड्यात इमारतीतल्या खालच्या दवाखान्यात सुनीतीसाठी फोन आला. मरियमखाला मुंबईला होती. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. बरोबर भाचा होता, खमीस. सुनीतीला इतका आनंद झाला की तिनं तिथल्या तिथं रविवारी जेवायला बोलावून टाकलं. हे विलासनं मधुकरला सांगितलं, आणि मधुकर ताडकन उठून बसला. सुट्टीवर आलेल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं की मरियमचा भाचा तिथल्या मजूर खात्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, व्हिसाचे कागद त्याच्या सहीनं सुटतात. मधुकरचं टाइल्सचं दुकान बुडालं होतं, त्याला परत जायचं होतं. विलासलाही जायचं होतं. बाकीच्या दोघांना आपले मेहुणे पाठवायचे होते. रविवारचं जेवण सुनीतीच्या हातून गेलं ते तेव्हाच.

"तू बोल तिच्याशी," विलासनं तिला आदल्या रात्री सांगितलं होतं. "तुझं ऐकेल ती. तुझ्यावर जीव आहे तिचा."

सुनीतीनं हात लांबवून दिवा मालवला होता.

टॅक्सी एकच्या सुमारास आली. सगळी मंडळी खाली जाऊन उभी होती. सुनीतीनं गॅलरीतून पाहिलं, तर मधुकर वाकून दार उघडत होता आणि मीनानं म्हातारीचा कोपर दोन्ही हातांनी धरला होता. खाला फार वाळली होती. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा दुधाळ. ती बोलणाऱ्यांच्या आवाजाकडे तोंड फिरवत होती आणि कुणालाच उत्तर देत नव्हती.

"सुनी किधर है?" तिनं विचारलं.

सुनीती धावतच जिना उतरली. खालानं तिच्या तोंडावरून तळहात फिरवला, कपाळ, गाल, हनुवटी, आणि मग खांदे दाबून पाहिले. मागून आलेल्या शलाकाच्या तोंडावरूनही हात फिरवला. म्हातारीच्या अंगाला तोच लोबानाचा वास येत होता.

वर आल्यावर खमीसला उंटांच्या गालिच्याखाली बसवण्यात आलं. तो पस्तिशीचा, शांत, थोडा दमलेला माणूस होता. साधा शर्ट, साधी पँट. गालिच्याकडे त्यानं एकदा पाहिलं आणि मग पुन्हा पाहिलं नाही. मधुकरनं अरबीतून स्वागताचे तीन शब्द म्हटले, जे नकलांमध्ये तो नेहमी वापरायचा. या वेळी ते त्यानं छातीवर हात ठेवून म्हटले. मग तो मस्कतच्या आठवणी सांगू लागला. तिथली माणसं म्हणजे सोनं, तिथला प्रामाणिकपणा इथं कुठं, आम्ही तर तिथं पाहुणे नव्हतोच, घरचेच होतो. बाकीचे माना डोलवत होते. विलास ताटात मटण वाढत होता, खमीस हातानं नको म्हणत होता आणि विलास वाढतच होता.

मीना खालाच्या शेजारी जमिनीवर बसली होती. तिनं सुरमईच्या तुकडीतला काटा काढला, भाताचा घास कालवला आणि म्हातारीच्या तोंडाशी नेला.

"खाओ अम्मा. अपनी बेटी समझो."

खालानं तोंड उघडलं नाही, पण मानही फिरवली नाही. मीनाचा हात तसाच धरलेला, बोटांवरून रस्सा मनगटाकडे ओघळलेला. सुनीती झटकन आत गेली आणि मोरीशी हात धूत उभी राहिली. बाहेर मधुकर हसत होता. ताटांमधल्या रश्श्यावर तूप गोठत आलं होतं आणि ती माणसं तर्जनीनं ताट निपटत होती.

जेवणं झाल्यावर खमीसनं विचारलं की वाशीत महिन्याभरासाठी एखादी खोली भाड्यानं मिळेल का. त्याला मंगळवारी परत जायचं होतं, रजा संपली होती. दुसरं ऑपरेशन व्हायला अवकाश होता. डोंगरीतल्या लॉजला तीन जिने होते आणि संडास दुसऱ्या टोकाला. खालाची एक बहीण मस्कतहून यायची होती, तिचा पाय मोडला. नर्स ठेवायची त्याची तयारी होती.

खोली कशाला, मधुकर म्हणाला, आमचा फ्लॅट काय भाड्याचा आहे? मीना म्हणाली, तळमजला आहे आमचा, अम्मांना जिनाच नको. दुसऱ्या एकानं गॅलरी बंद करून घेतल्याचं सांगितलं. विलास उठून उभा राहिला. "हमारा घर आपका घर है," तो म्हणाला, "खाला दूसरी जगह रहेगी तो हमको कैसा लगेगा?" आणि मग ती सगळी एकदमच बोलू लागली, एकमेकांचं तोडत, एकाची मोरी सोयीची तर दुसऱ्याकडे पंखा मोठा. मीनानं म्हातारीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला होता. सुनीती सुपारीचं तबक घेऊन दारात थांबली होती. बाजारात उरलेल्या शेवटच्या पापलेटावरून होते तशी ती ओढाताण होती.

खमीसनं सगळ्यांचे आभार मानले. मधुकरनं मग घसा खाकरून मूळ विषयाला हात घातला. मजूर खात्यात फार जबाबदारीचं काम असेल ना, असं त्यानं विचारलं.

"मैं खाते में था, साहब," खमीस म्हणाला. "बडे साहब की गाडी चलाता था. अभी पानी का टँकर चलाता हूँ."

कुणाचा तरी चमचा बशीत वाजला. मधुकर हसला, मग त्याचं हसू तसंच राहिलं आणि डोळे विलासकडे गेले. त्यानं आणखी एकदा, वेगळ्या शब्दांत विचारून पाहिलं. खमीसनं वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं. साहेब भला होता, पण बदलून गेला. टँकरमध्ये मेहनत जास्त आहे.

त्यानंतर काय झालं ते सुनीतीनं नीट पाहिलं, कारण ते फार हळू झालं. मीनाचा हात म्हातारीच्या हातावरून निघाला आणि पदराला पुसला गेला. तिला आठवलं की पुढच्या आठवड्यात तिच्या सासूबाई येणार आहेत. मधुकरला रंगकाम काढायचं होतं. बंद गॅलरीवाल्याकडे पाण्याचा प्रॉब्लेम निघाला. पंधरा मिनिटांत कुणाची मुलं घरी एकटी होती, कुणाला डोंबिवलीला जायचं होतं. जाताना खालाला कुणी अम्मा म्हटलं नाही. जिन्यात मधुकर मराठीत बोलला ते वरपर्यंत स्वच्छ ऐकू आलं.

"च्यायला, ड्रायव्हरला सुरमई घातली."

खाला खिडकीकडे तोंड करून बसली होती. बाहेरून कांदाबटाटा मार्केटचा उग्र वास येत होता.

"खाला इथं राहील," सुनीती म्हणाली. मग तेच तिनं खमीसला हिंदीत सांगितलं.

विलासनं तिला डोळ्यांनीच स्वयंपाकघरात बोलावलं.

"कुणाला विचारून?"

"तुम्हीच म्हणालात ना मघाशी. हमारा घर आपका घर."

"ती बोलण्याची पद्धत असते. महिनाभर? सोसायटीत काय सांगायचं? घरात पगार नाही, आणि ही…"

"मी सांगितलंय त्यांना," सुनीती म्हणाली आणि ताटं धुवायला घेतली.

खाला राहिली. विलास तिच्याशी एक शब्द बोलला नाही. तो हॉलमधून जाताना असा जायचा की तिथं एखादं कपाट ठेवलंय. बाथरूमला जाण्याआधी तो फिनेल ओतायचा, दर वेळी, आणि ब्रश घासल्याचा आवाज बाहेर जाईल इतक्या जोरानं घासायचा. खालासाठी त्यानं वेगळी बादली आणून ठेवली, तिच्या दांडीला सुतळी बांधून. शलाकाला त्यानं बाजूला घेऊन सांगितलं की म्हातारीनं दिलेलं खायचं नाही. पोरीनं ते तसंच आईला सांगितलं आणि खालाच्या हातचे खजूर खात राहिली. संध्याकाळी खालानं चिमूटभर लोबान जाळला की विलास खोकत गॅलरीत जायचा. कसला हा वास, असं तो मराठीत, तिच्या देखतच बोलायचा. तिला काय कळतंय.

रविवारी तो एकटाच मधुकरकडे जाऊ लागला. मीना सुनीतीला भाजीबाजारात भेटली तेव्हा तिनं आवाज उतरवून विचारलं, अजून आहे का गं ती? जणू घरात कुणाला कांजिण्या निघाल्या होत्या.

बाहेरच्यांत खालाशी मन लावून बोलली ती फक्त गोजरा. गोजरा जुहूगावातून भांडी घासायला यायची आणि ग्रुपमधल्या चारही घरांत तिला वेगळा कप होता, सुनीतीच्याही. एक दिवस ती पदराआड निवट्या, खाडीच्या चिखलातली मासळी, घेऊन आली, खालाच्या पुढ्यात जमिनीवर बसली आणि साफ करू लागली. खालानं आंधळेपणानं हात पुढं करून एक उचलली, कल्ल्यात बोट घालून पाहिलं आणि मान हलवली.

"तुमची पावनी आमचेवानीच हाय, बाय," गोजरा म्हणाली. "हात लावून म्हावरा वलखते."

सुनीतीनं त्या दिवशी तिघींसाठी चहा टाकला. गोजराचा कप फळीवरून काढताना तिचा हात थांबला. तिनं तो परत ठेवला आणि शोकेसमधले तीन कप काढले. पण त्यामुळे तिला बरं वाटलं नाही. उलट स्वतःचीच थोडी शिसारी आली, की पाच वर्षं आपण हे न चुकता केलं आणि हात कधी अडखळला नाही.

दुसऱ्या ऑपरेशनच्या दिवशी सुनीतीनं विलासला बरोबर येता का विचारलं. त्याला काम होतं. काम म्हणजे रमी, कारण चौथा भिडू कमी पडत होता आणि या वेळी डाव विलासच्या घरी होता. सुनीती टॅक्सीनं खालाला घेऊन ग्रँट रोडच्या इस्पितळात गेली आणि दोन रात्री तिथं राहिली. शलाका खालच्या डॉक्टरांकडे झोपली.

तिसऱ्या दिवशी ती खालाला धरून वर आली तेव्हा दार उघडं होतं आणि हॉलभर सिगारेटचा वास होता. खालाचा दिवाण रिकामा होता. तिची पत्र्याची पेटी, उशी, कपड्यांची बोचकी, सगळं गॅलरीत नेऊन टाकलेलं होतं, चपलांच्या मांडणीला टेकवून. नमाजाची चटई गुंडाळायचेसुद्धा कष्ट कुणी घेतले नव्हते. ती पसरली होती आणि तिच्यावर विलासचे बूट होते. एका बुटाच्या तळव्याला काहीतरी ओलं लागलेलं होतं.

"जागा नव्हती बसायला," विलास आतून म्हणाला. "उचलणारच होतो."

सुनीतीनं खालाला खुर्चीवर बसवलं. आधीचा डोळाही हलू नये म्हणून दोन्ही डोळ्यांना पट्ट्या होत्या, तिला काही दिसत नव्हतं, याचंच सुनीतीला हायसं वाटलं. तिनं बूट बाजूला केले, चटई नळाखाली धरून धुतली, पिळली आणि दोरीवर टाकली. विलास आपल्या सवयीनं जांभई देत, बनियनमध्ये हात घालून पोट खाजवत बाहेर आला आणि चहा मिळेल का म्हणाला. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात दुपारच्या शेवेचा कण होता. बारा वर्षं ती या माणसाच्या शेजारी झोपत होती. चहा तिनं केला, पण कप त्याच्या हातात न देता टेबलावर ठेवला, बोटाला बोट लागू नये म्हणून.

पंधरवड्यानं पट्ट्या निघाल्या आणि जाड भिंगांचा चष्मा आला. खालानं पहिल्यांदा सुनीतीकडे, मग घराकडे, मग गॅलरीतून दिसणाऱ्या खाडीकडे पाहिलं. तू जाड झालीस, एवढंच ती म्हणाली, आणि दोघी हसल्या. विलासकडेही तिनं चष्म्यातून एकदा निरखून पाहिलं. जास्त वेळ नाही.

खमीस तिला न्यायला आला. विमान रात्रीचं होतं, टॅक्सी खाली उभी होती. विलास गॅलरीत पेपर घेऊन बसला होता. त्यानं पेपर खाली केला, मान हलवली आणि पुन्हा वर केला. सुनीती आणि शलाका खालाला धरून खाली घेऊन गेल्या. तिला टॅक्सीत बसवून, शलाकाला तिच्याजवळ ठेवून सुनीती राहिलेली पिशवी आणायला परत वळली, तेव्हा खमीस पेटी आणि तीच पिशवी घेऊन जिना उतरत होता. पहिल्या मजल्यावर त्यानं पेटी खाली ठेवली.

त्याला काही सांगायचं होतं. तो हळू, शब्द निवडत बोलला. तो ड्रायव्हर नव्हता. मजूर खात्यातच होता आणि कागद त्याच्याच सहीनं सुटत होते. पण मुंबईत पाय ठेवल्यापासून लॉजवाला, डॉक्टर, टॅक्सीवाला, ज्याला कळेल तो व्हिसा मागतो. म्हणून मग तो टँकर चालवतो असं सांगू लागला.

"खाला को मालूम था?" सुनीतीनं विचारलं.

"उसीने बोला था. बोली, सुनी के घर में जरूर ऐसा बोलना. नहीं तो वो लोग माँगने का काम सुनी को लगाएँगे."

खमीस म्हणाला की आता तो स्वतः विचारतोय, तिनं मागितलं नाही. भाईसाहेबांचं काम बंद आहे हे त्याला कळलं होतं. तिनं फक्त हो म्हणावं, महिन्याभरात कागद येतील, चांगली कंपनी, चांगला पगार.

जिन्यात अंधारलं होतं. वरून नळाचा आवाज आला, मग बादली सरकवल्याचा, मग ब्रशाचा. खाला दारातून बाहेर पडून पाच मिनिटं झाली होती. सुनीती ऐकत राहिली. विलास एकटा जाईल. दोन वर्षं हे घर तिचं आणि शलाकाचं. पगार सुरू होईल. तिला मोह झाला, खराखुरा, जिभेवर गोड चव यावी तसा. मग तिला रुवीतला शुक्रवार दिसला. पत्ते, बरण्या, दुसरा पेग. विलास नक्कल करून दाखवतोय, आंधळी म्हातारी चाचपडत कशी चालायची त्याची. सगळे हसताहेत. आणि तो तिथं पोचलाय तो त्याच म्हातारीच्या भाच्याच्या सहीनं.

"नहीं," ती म्हणाली. "उनका यहीं ठीक है."

खमीसनं तिच्याकडे पाहिलं. पेटी आणि पिशवी उचलून तो खाली गेला.

टॅक्सी वळणाआड गेल्यावर शलाका खालीच मैत्रिणींत खेळत राहिली. सुनीती एकटीच वर आली. हॉलची फरशी ओली होती आणि फिनेलचा वास नाकात बसत होता. विलास हात पुसत बाहेर आला. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसत होता.

"गेली का? एवढा वेळ काय बोलत होता तो जिन्यात?"

"पेटी जड होती. टेकवून उभा होता."

विलास दिवाणावर ऐसपैस बसला. आपलं नशीबच असं, तो म्हणाला. सबंध मस्कतमधून आपल्या वाट्याला यावा तो नेमका ड्रायव्हर. पण मधुकर गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. त्यानं भेंडी बाजारातल्या एका एजंटचा पत्ता काढला होता, खात्रीचा माणूस, आत थेट ओळखी असलेला. उद्या सकाळी दोघं त्याच्याकडे जाणार होते.

सुनीती खिडकी उघडत होती.

"या जाऊन," ती म्हणाली. "डबा देऊ?"

"दे," विलास म्हणाला. "अशा ठिकाणी फार वेळ बसवून ठेवतात."